नागरिकांच्या सूचना : ऐकावे जनाचे, करावे मनाचे?

(टोपणनावांनी लिहिणाऱ्या चौघांची चर्चा)

सांजवात

सरकारने नागरिकांकडून कल्पना मागवाव्यात, याबद्दल आता फारसे कोणी वाद घालत नाही. केंद्र सरकारचे 'मायगव्ह' संकेतस्थळ जुलै २०१४ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला लोकांसमोर आलेले स्वच्छ भारत अभियानाचे चष्म्याचे बोधचिन्ह कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांनी खुल्या स्पर्धेतून दिले होते. २०१० मध्ये स्वीकारलेले रुपयाचे चिन्हही डी. उदयकुमार यांनी अशाच स्पर्धेत, तीन हजारांहून अधिक प्रवेशिकांमधून जिंकले होते. दोन्ही स्पर्धा यशस्वी झाल्या, हे मला मान्य आहे. मात्र चिन्ह निवडणे आणि शहर चालवणे ही एका जातीची कामे नव्हेत. चिन्हाच्या स्पर्धेत एकाची निवड झाली की उरलेल्यांना उत्तर देण्याची गरज राहत नाही. रस्त्याच्या बाबतीत मात्र ज्याची सूचना नाकारली, तो माणूस दुसऱ्या दिवशी त्याच खड्ड्यातून जाणार असतो.

पुणे महापालिकेने २००६-०७ पासून नागरिकांनी सुचवलेली छोटी कामे अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत सुरू केली. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ मध्ये सुरू झालेल्या प्रयोगाचे हे दूरचे भावंड म्हणता येईल. तेथे लोक वस्तीच्या सभेत समोरासमोर बसून, भांडून, कोणते काम आधी आणि कोणते नंतर हे ठरवत. आपल्याकडे माणूस अर्ज भरून देतो आणि घरी जातो. फरक या घरी जाण्यात आहे.

मी राहते त्या शहराचे नाव येथे लिहीत नाही. तेथेही असा अर्ज घेतात. आमच्या भागातील एका शाळेच्या फाटकासमोरचा पदपथ इतका उंच आहे की पहिली-दुसरीची मुले पाठीवर दप्तर घेऊन त्यावर चढतच नाहीत, सरळ रस्त्यावरून चालतात. तेथे उतार करून द्यावा, एवढीच माझी सूचना होती. छायाचित्र जोडले, टेपने मोजून उंची लिहिली, पोच घेतली. पुढच्या वर्षी उतार झाला नाही. त्याच पदपथावर दोन बाके मात्र आली. उतार का नाही आणि बाके कोणी मागितली, हे विचारण्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज केला, तेव्हा 'अभिलेख उपलब्ध नाही' असे उत्तर मिळाले.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की नाकारलेल्या प्रत्येक सूचनेचे कारण लेखी देण्याचे बंधन जोपर्यंत शासन स्वतःवर घालून घेत नाही, तोपर्यंत त्याने सूचना मागवूच नयेत. न मागितलेले बरे. मागून केराच्या टोपलीत टाकणे हा अपमान आहे.

जुना खांब

मी एका नगरपरिषदेत कनिष्ठ अभियंता होतो आणि अशा सूचनांचा गठ्ठा माझ्याच टेबलावर येत असे, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. आलेल्या कागदांपैकी बहुतेक कागद कल्पनेचे नसतात, तक्रारीचे असतात. तक्रार वाईट नव्हे, परंतु ती कल्पनेच्या रकान्यात आली की तिला अंदाजपत्रक लागते, तांत्रिक मंजुरी लागते, निविदा लागते, आणि जे काम दोन मजुरांनी सकाळी जाऊन केले असते ते मार्चअखेरीपर्यंत फाइलीत फिरत राहते.

एक उदाहरण सांगतो. एका वळणावर अंधार असतो, तेथे दिव्याचा खांब बसवावा, अशी अकरा जणांच्या सह्यांची सूचना आली होती. स्थळपाहणीला दिवसा गेलो, तर खांब होता, दिवाही चालू होता. संध्याकाळी पुन्हा गेलो तेव्हा कारण कळले. शेजारच्या पर्जन्यवृक्षाची फांदी दिव्याच्या खाली पसरली होती आणि सगळा उजेड झाडाच्या माथ्यावरच अडत होता. फांदी छाटायला वृक्ष विभागाची परवानगी हवी. खांबाला पैसे होते, फांदीला नव्हते. अकरा जणांना अंधार बरोबर दिसला होता, उपाय चुकला होता. माझा अनुभव असा की नागरिकाइतकी अडचण कोणालाच नेमकी कळत नाही, पण उपाय सुचवायला सांगितले की तो आपल्याला ठाऊक असलेली वस्तू मागतो. खांब, बाक, गतिरोधक आणि नावाची कमान, या चार वस्तूंमध्ये निम्मा गठ्ठा संपत असे.

तेव्हा कल्पना मागवू नका, अडचणी मागवा, असे मी म्हणेन. आणि प्रत्येकाला लेखी कारण द्यायचे, तर ते लिहिणार कोण? माझ्याकडे पाणीपुरवठाही होता.

सरळरेषा

या चर्चेत नगरसेवक हा शब्द अजून आला नाही, याचे आश्चर्य वाटते. सूचना सांगण्यासाठी आपण एक माणूस निवडून दिलेला असतो आणि त्याचे मत सभागृहात मोजले जाते. अर्ज भरणारे लोक कोण असतात? ज्यांच्याकडे दुपारी क्षेत्रीय कार्यालयात जाण्याइतका वेळ आहे ते. घरकाम करणारी बाई अर्ज भरत नाही, पण मतदान करते. मूठभर उत्साही लोकांच्या अर्जांना 'जनतेचा आवाज' म्हणून निवडून आलेल्या माणसाला वळसा घालणे, ही प्रशासनाला सोयीची आणि लोकशाहीला गैरसोयीची गोष्ट आहे. पुण्यात मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर प्रदीर्घ काळ प्रशासक होता. अशा काळात सूचनांच्या अर्जाचा आधार घेणे म्हणजे दुधाची तहान ताकावर भागवणे होते.

७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवरील शहरांना प्रभाग समित्या दिल्या आहेत. त्या नीट चालवा. नवे संकेतस्थळ नको.

पायवाट

सरळरेषा यांच्या घरकाम करणाऱ्या बाईच्या मुद्द्याला मी भाषेची जोड देतो. २०२० मध्ये पर्यावरणीय प्रभाव मूल्यांकनाच्या, म्हणजे प्रकल्पाला परवानगी देण्यापूर्वी त्याचा पर्यावरणावरील परिणाम तपासण्याच्या, अधिसूचनेचा मसुदा हरकतींसाठी खुला झाला, तेव्हा तो इंग्रजी व हिंदीत होता. खाण, बंदर किंवा रासायनिक कारखाना ज्याच्या दारात येऊ शकतो, त्या कोकणातील माणसाने कोणत्या भाषेत हरकत लिहायची होती? अखेर दिल्ली उच्च न्यायालयाला जून २०२० मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील, म्हणजे मराठीसह २२ भाषांत मसुदा प्रसिद्ध करण्याचा आदेश द्यावा लागला आणि मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली गेली. कायदा करण्यापूर्वी लोकांची मते मागवण्याचे २०१४ चे केंद्राचे पूर्व-विधी विचारविनिमय धोरण किमान ३० दिवसांची मुदत देते, पण न वाचता येणाऱ्या मसुद्यासाठी तीस दिवस काय आणि तीनशे दिवस काय!

परंतु म्हणून प्रभाग समितीवर सगळे सोपवा, हे मला पटत नाही. प्रभाग समितीच्या बैठकीत सामान्य माणसाला बोलता येते का, हे सरळरेषा यांनी एकदा जाऊन पाहावे.

सांजवात

जुना खांब यांचे फांदीचे उदाहरण मला पूर्ण पटले, आणि गंमत अशी की ते माझ्याच बाजूचे आहे. त्या अकरा जणांना 'खांब मंजूर नाही, कारण फांदी' एवढी एक ओळ कळली असती, तर पुढचा अर्ज त्यांनी योग्य विभागाकडे केला असता. नकाराचे कारण हीच नागरिकाची शिकवणी असते.

सरळरेषा यांच्या 'मूठभर' अर्जदारांच्या मुद्द्यावर ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे उदाहरण पाहावे. इंटरनेट समानतेच्या, म्हणजे सर्व संकेतस्थळांना सारखीच वागणूक देण्याच्या प्रश्नावर २०१५ मध्ये ट्रायकडे दहा लाखांहून अधिक ईमेल आले. (ते पाठवणाऱ्यांच्या पत्त्यांसह संकेतस्थळावर टाकून ट्रायने लोकांची चांगलीच पंचाईत केली, ते सोडा.) त्याच वर्षअखेरीस वेगवेगळ्या संकेतस्थळांसाठी वेगवेगळे डेटादर आकारण्यावर मते मागवली, तेव्हा फेसबुकने ठरावीक संकेतस्थळे मोफत देणाऱ्या आपल्या 'फ्री बेसिक्स' योजनेच्या बाजूने वापरकर्त्यांकडून साचेबद्ध संदेशांचा पाऊस पाडला. विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे या संदेशांत नाहीत, असे ट्रायने तेव्हा स्पष्ट सांगितले आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी भेदभावी दरांवर बंदी घालणारे विनियम काढले. सोबत स्पष्टीकरणात्मक टिपण होते. डोकी मोजली नाहीत, कारणे तोलली. हे घडले, कारण ट्रायच्या कायद्यातच पारदर्शकतेचे बंधन आहे. मे २०१६ मध्ये कॉल ड्रॉपच्या भरपाईचे विनियम रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने याच बंधनावर बोट ठेवले आणि नियम करताना लोकांची मते विचारात घ्यायला लावणाऱ्या अमेरिकेच्या १९४६ च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्यासारखा कायदा करण्याचा विचार संसदेने करावा, असेही सुचवले. जे दूरसंचारात शक्य झाले, ते पदपथाच्या उताराला का लागू नये?

सरळरेषा

कारण ट्रायकडे दरवर्षी मोजकेच विषय येतात आणि लिहायला तज्ज्ञ असतात. नगरपरिषदेकडे जुना खांब एकटेच होते.

जुना खांब

सरळरेषा माझी बाजू घेत आहेत, तरी या बाबतीत मला सांजवात यांच्याकडे थोडे सरकावे लागते. गठ्ठा कितीही मोठा असला तरी नकाराची कारणे आठ-दहाच असत. जागा आपल्या मालकीची नाही, रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा आहे, खर्च मर्यादेपेक्षा जास्त आहे, हेच काम दुसऱ्या निविदेत आधीच धरले आहे, विकास आराखड्यात तेथे आरक्षण आहे, वगैरे. ती अर्जाच्या मागे छापून समोर चौकटी दिल्या, तर खूण करायला अर्धे मिनिटही लागणार नाही. आम्ही मात्र शेऱ्याच्या रकान्यात 'नोंद घेतली' असे लिहून मोकळे होत असू. हे वाक्य मी किती वेळा लिहिले असेल, याचा हिशेब नको.

पायवाट

आणि 'नगरसेवकांची तोंडी सूचना वेगळी आहे' ही चौकट कितव्या क्रमांकावर छापायची?

जुना खांब

ती छापावी लागत नाही. तिला आमच्याकडे 'तांत्रिक अडचण' म्हणत.