मदत हवी आहे: टी पेशींना (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना) आवरतं कोण, हे फळ्यावर कसं मांडू?

नमस्कार मंडळी. मी लातूरला अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवते. नीटची पोरं पाठांतराला पक्की, पण परवा एका पोरीनं विचारलं, "मॅडम, टी पेशी आपल्याच अंगावर उलटल्या तर त्यांना आवरतं कोण?"

जपानचे शास्त्रज्ञ साकागुची यांनी १९९५ मध्ये सीडी२५ (पेशीवरचं एक ओळखचिन्ह प्रथिन) असलेल्या नियंत्रक टी पेशी, म्हणजे इतर टी पेशींना आवरणाऱ्या, दाखवल्या, २००१ मध्ये अमेरिकेतले शास्त्रज्ञ ब्रन्को आणि रॅम्सडेल यांनी फॉक्सपी३ हे जनुक शोधलं (या नियंत्रक पेशी घडायला तेच लागतं), २०२५ चं नोबेल तिघांना मिळालं, एवढं सांगितलं. या जनुकात बिघाड असला की तान्ह्या मुलग्यांना आयपेक्स हा स्वतःच्याच शरीरावर हल्ला होण्याचा आजार होतो (मधुमेह, जुलाब, इसब), हे ऐकून वर्ग गप्प झाला.

अडलंय पुढं. या नियंत्रक पेशी आयएल-२ (टी पेशींना वाढायला लागणारं संदेश-प्रथिन) शोषून घेतात, सीटीएलए-४ हे आपल्या अंगावरचं प्रथिन वापरून डेंड्रायटिक पेशीवरचे (टी पेशींना जागं करणाऱ्या पेशीवरचे) सीडी८०, सीडी८६ हे जागं करणारे रेणू ओढून काढतात, वर आयएल-१० हे शांत करणारं संदेश-प्रथिन सोडतात. यातलं मुख्य कोणतं, का अवयवागणिक बदलतं? आणि सीडी२५ तर सक्रिय झालेल्या साध्या टी पेशीवरही येतो. मग लॅबवाले वेगळ्या कशा काढतात? नियंत्रक पेशींवर सीडी१२७ हे दुसरं ओळखचिन्ह कमी असतं म्हणे, तेवढ्यावर भागतं का?

इंग्रजी रिव्ह्यू नका पाठवू, ढीग पडलाय. खडूनं काढता येईल अशी आकृती असेल तर टाका. अंबाजोगाई, संभाजीनगरकडचं कुणी इम्युनॉलॉजीतलं असेल तर वर्गावर याल का? गाडीभाडं, जेवण आमच्याकडं.