एएमपीके या विकराला थेट चालना देणारे औषध अजून का नाही?

मृण्मयी :
मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. पेशीतील ऊर्जेची पातळी घसरली की एएमपीके हे विकर, म्हणजेच एन्झाइम, सक्रिय होते, मेदाम्लांचे ज्वलन वाढवते आणि मेद, कोलेस्टेरॉल व प्रथिने तयार करण्याची खर्चिक कामे रोखून धरते, एवढे मला ठाऊक आहे. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी याच विकरामार्फत काम करते, असेही अनेक ठिकाणी वाचनात येते. तसे असेल, तर या विकराला थेट चालना देणारी गोळी इतक्या वर्षांत बाजारात का आली नाही? ऊर्जाचयापचयावर नियंत्रण ठेवणाऱ्या इतर विकरांपैकी कोणावर औषध खरोखर निघाले आहे का?

अनिरुद्ध :
मेटफॉर्मिनविषयीचे तुमचे गृहीतक आधी तपासायला हवे. हे औषध तंतुकणिकेतील (मायटोकॉन्ड्रियातील) श्वसनसाखळीचे पहिले संकुल मंदावते, हे २००० साली दाखवले गेले आणि त्यामुळे एएमपीके सक्रिय होते, हे २००१ साली. ही दोन निरीक्षणे एकापुढे एक मांडली की कोडे सुटल्यासारखे वाटते, आणि बहुतेक पाठ्यपुस्तके तिथेच थांबली. परंतु २०१० मध्ये ज्यांच्या यकृतात एएमपीके नाही अशा उंदरांवर प्रयोग झाले, तेव्हा त्यांच्यातही मेटफॉर्मिनने यकृतातील ग्लुकोजनिर्मिती कमी केलीच. पुढे २०१३ मध्ये असे दिसले की, पेशीत साठलेले एएमपी (ऊर्जावाहक एटीपी खर्च होताना तयार होणारा रेणू) ग्लुकागॉन या रक्तातील साखर वाढवणाऱ्या संप्रेरकाचा संदेशच क्षीण करते, आणि त्यासाठी एएमपीकेची गरज भासत नाही. फ्रान्समध्ये १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून आणि अमेरिकेत १९९५ पासून वापरात असलेल्या या गोळीची यंत्रणा आजही वादाचा विषय आहे. वर्गात आकृती काढताना मेटफॉर्मिनकडून एएमपीकेकडे जाणारा बाण जरूर काढावा, पण तो एकमेव बाण नसावा, असे माझे मत आहे.

वेदवती :
मी औषधशास्त्राची संशोधक आहे, म्हणून मूळ प्रश्नाकडे वळते. थेट चालना देणारे रेणू तयार झालेले नाहीत असे नाही. अडचण त्यांच्या परिणामांत आहे.

एएमपीके अल्फा, बीटा आणि गॅमा या तीन उपघटकांचे बनलेले असते. त्यांपैकी अल्फा हा प्रत्यक्ष काम करणारा, तर गॅमा हा ऊर्जेची पातळी ओळखणारा. एटीपी हा ऊर्जावाहक रेणू खर्च होऊन त्याचे एडीपी साठू लागले की दोन एडीपींपासून एक एटीपी आणि एक एएमपी तयार होते. विश्रांतीतील पेशीत एएमपी इतके अल्प असते की एटीपी किंचित जरी घटले, तरी एएमपी कित्येक पटींनी वाढते, आणि गॅमा उपघटक नेमकी हीच वाढ टिपतो. हे एएमपी गॅमाला चिकटले म्हणजे अल्फाच्या १७२ व्या स्थानावरील थ्रिओनीन या अमिनो आम्लावरचे फॉस्फेट टिकून राहते व विकर कामाला लागते.

आता गुंतागुंत पाहा. माणसात अल्फाचे दोन, बीटाचे दोन आणि गॅमाचे तीन प्रकार आहेत, म्हणजे एकूण बारा जोडण्या होतात, आणि ऊतीगणिक त्यांचे प्रमाण बदलते. एमके-८७२२ हा रेणू या बाराही जोडण्यांना चालना देतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्याने उंदीरवर्गीय प्राण्यांत आणि ऱ्हीसस माकडांत रक्तातील ग्लुकोज उत्तम रीतीने खाली आणले, पण त्याचबरोबर हृदयात ग्लायकोजेन (ग्लुकोजचा साठवणीचा प्रकार) साठले आणि हृदयाचा आकार वाढला. हृदयाच्या कार्यात उघड बिघाड दिसला नाही हे खरे. तरीही मधुमेहासारख्या आजारात, जिथे रुग्णाचे हृदय आधीच जोखमीत असते आणि गोळी आयुष्यभर घ्यायची असते, तिथे असा परिणाम कोण पत्करेल? खरे तर ही धोक्याची सूचना आधीच मिळालेली होती. गॅमा-२ उपघटकाच्या पीआरकेएजी२ या जनुकात उत्परिवर्तन असलेल्या कुटुंबांत हृदयाच्या भिंती जाड होणे, ग्लायकोजेन साठणे आणि ठोक्यांची लय बिघडणे, हे सारे २००१ पासून ज्ञात आहे.

मृण्मयी :
सविस्तर उत्तरांबद्दल दोघांचेही आभार. मग औषधाचा परिणाम एकाच अवयवापुरता मर्यादित ठेवता येत नाही का?

वेदवती :
येतो, आणि त्याचे सर्वांत देखणे उदाहरण माझ्या मते बेम्पेडोइक आम्ल हे आहे. तंतुकणिकेतून बाहेर आलेल्या सायट्रेटपासून ॲसिटिल-कोए तयार करणारे एटीपी-सायट्रेट लायेज हे विकर ते रोखते, त्यामुळे स्टॅटिन ही कोलेस्टेरॉल कमी करणारी नेहमीची औषधे जिथे काम करतात त्याच्या आधीच कोलेस्टेरॉलचा कच्चा माल कमी पडतो. गंमत अशी, की सुरुवातीला हा रेणू एएमपीकेलाही चालना देतो म्हणून गाजला होता. पुढे कोलेस्टेरॉल घटण्यासाठी एएमपीकेची गरज नसल्याचे दिसून आले. गोळीतील रेणू स्वतः निष्क्रिय असतो, आणि त्याला सक्रिय करणारे विकर यकृतात असते पण हाडांना जोडलेल्या स्नायूंत नसते. म्हणून स्टॅटिनमुळे स्नायूदुखी होणाऱ्या रुग्णांना त्याचा आधार मिळतो. अमेरिकेत त्याला २०२० मध्ये मान्यता मिळाली आणि आज ते भारतातही मिळते. स्टॅटिन न सोसणाऱ्या सुमारे १४,००० रुग्णांवरील चाचणीत, जिचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले, हृदयविकाराच्या प्रमुख घटना १३ टक्क्यांनी घटल्या. गाउट आणि पित्ताशयातील खडे मात्र काहीसे वाढले.

त्याच वाटेवरचे पुढचे विकर, ॲसिटिल-कोए कार्बोक्सिलेज, रोखून पाहिले तेव्हा यकृतातील चरबी घटली, पण रक्तातील ट्रायग्लिसराइड वाढले. एक पायरी पुढे सरकल्याने एवढा फरक पडतो.

अनिरुद्ध :
वर्गात सांगण्यासारखे आणखी एक उदाहरण म्हणजे मिटापिवॅट. तांबड्या रक्तपेशीत तंतुकणिका नसल्यामुळे ती एटीपीसाठी सर्वस्वी ग्लायकोलिसिसवर, म्हणजे ग्लुकोजच्या विघटनाच्या मार्गावर, विसंबून असते. त्या मार्गातील पायरुवेट कायनेज जन्मतः सदोष असेल तर पेशी लवकर फुटतात आणि रुग्णाला रक्तक्षय होतो. या विकराला चालना देणाऱ्या मिटापिवॅटला अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली. मात्र चालना देण्यासाठी थोडेफार तरी विकर पेशीत असावे लागते. ज्या रुग्णांच्या दोन्ही जनुकप्रतींतून धड प्रथिनच तयार होत नाही, त्यांना या गोळीचा लाभ होण्याची शक्यता फार कमी असते.