शिकागोत रेस्टॉरंटातल्या सर्व्हरचा (वेटरचा) तासाचा दर वाढला, पण घरी येणारे पैसे घटले. असं कसं?

शिकागोकर:
मंडळी, ग्रीनकार्ड आल्यापासून बायको इथल्या एका छोट्या इटालियन रेस्टॉरंटात सर्व्हर आहे. जुलै २०२५ मध्ये तासाचा दर १२.६२ डॉलर झाला, आम्ही खूश. पण त्याच सुमारास मालकाने सोमवारचं लंच बंद केलं, तिची एक शिफ्ट गेली, आणि बिलावर १५ टक्के सर्व्हिस चार्ज छापून यायला लागला. गिऱ्हाईक तो आकडा बघतं आणि टिपेच्या जागी रेघ मारून मोकळं होतं. मालक म्हणतो, नव्या कायद्यामुळे. खरं की बहाणा?

खतावणी:
मी काही रेस्टॉरंटांचं पेरोल, म्हणजे पगाराचे हिशेब बघते, त्यामुळे दोन्ही बाजूंची रड कानावर असते. थोडं खरं, थोडा बहाणा.

टिप मिळणाऱ्या नोकराला मालकाने कमी पगार द्यायचा आणि उरलेला टिपेतून निघाला असं धरायचं, हे टिप क्रेडिट. अमेरिकेच्या केंद्राच्या कायद्यात किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर, पण टिपवाल्यांना मालकाच्या खिशातून फक्त २.१३. हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. टिपा कमी पडल्या तर फरक मालकाने भरायचा, पण हिशेब आठवड्याचा असतो. म्हणजे मंगळवारी दुपारी रिकाम्या टेबलांपुढे घालवलेले तास शनिवार रात्रीच्या टिपांत बुडून जातात. हा फरक मागायला येणारं माणूस मला क्वचितच भेटलंय.

शिकागोने २०२३ मध्ये ही सूट २०२८ पर्यंत टप्प्याटप्प्याने संपवायचं ठरवलं. आता मालकाच्या बाजूने बघा. समजा सहा सर्व्हर, प्रत्येकी आठवड्याला ३० तास. या कायद्याआधीचा दर ९.४८, म्हणजे तेव्हापासून तासाला ३.१४ वाढ, वर्षाचे साधारण २९,४०० डॉलर झाले. शंभराच्या विक्रीमागे चार-पाच उरले तरी बरं, अशा धंद्यात हे झोंबतं. सोमवारचं लंच त्यात गेलं असेल, पटतं मला.

सर्व्हिस चार्ज मात्र मालकाची स्वतःची अक्कल. टिप नोकराची, तिला मालक-मॅनेजर हात लावू शकत नाहीत. सक्तीचा चार्ज मालकाचा. वाटला तर वाटला.

पोटोमॅककाठ:
वॉशिंग्टन डीसीमध्ये याहून मोठा तमाशा. २०१८ मध्ये मतदारांनी टिप क्रेडिट रद्द केलं, शहराच्या काउन्सिलने काही महिन्यांत ते फिरवलं. २०२२ मध्ये लोकांनी पुन्हा तेच मत दिलं. टिपवाल्यांचा दर १० डॉलरपर्यंत चढला, तर २०२५ मध्ये काउन्सिलचा पुन्हा खोडा: आता २०३४ पर्यंत किमान वेतनाच्या ७५ टक्क्यांपर्यंतच जायचं. नदी ओलांडून आर्लिंग्टनला गेलं की व्हर्जिनिया, तिथे अजून २.१३. मी दोन्हीकडे २० टक्केच ठेवतो.

कढईमागे:
किचनवाल्यांचं कोणी बोलणार आहे का? घामाघूम आम्ही, टिप बाहेरच्यांना.

खतावणी:
दादा, तुमचा प्रश्न यातच अडकलाय. मालक टिप क्रेडिट घेत असेल तर सक्तीच्या टिप पूलमध्ये (टिपा एकत्र करून वाटतात त्यात) स्वयंपाक्यांना घेता येत नाही. पूर्ण किमान वेतन दिलं तर घेता येतं, २०१८ पासून केंद्राचा कायदाच तसा आहे. म्हणून शनिवारी रात्री भरपूर कमावणारे कित्येक सर्व्हरच या बदलाच्या विरोधात असतात. वाटेकरी वाढतील ना! मालक त्यांनाच पुढे करून भाषणं करवतात, तो भाग वेगळा.

सॅनहोजेवाला:
कॅलिफोर्नियात टिप क्रेडिट नाहीच. रेस्टॉरंटं बंद पडली नाहीत आणि टिप मागायचीही थांबली नाहीत. जेवण महाग आहे, खोटं कशाला बोला.

शिकागोकर:
खतावणीताई, आत्ताच पे-स्टब (पगाराची पावती) काढून बघितला. तासाचा दर बरोबर आहे. टिपांची ओळ आहे. सर्व्हिस चार्जची ओळच नाही.

खतावणी:
मग तो तिच्यापर्यंत पोचत नाहीये. तिने मालकाला एवढंच विचारावं, पंधरातले किती वाटता आणि कोणाला? आणि ते गिऱ्हाइकाला मेन्यूवर सांगणार का? उत्तर काय येतं ते इथे टाका.