रानातल्या शिबिरात हाताला काय लागलं?

हिवाळी शिबिरांचे दिवस जवळ आलेत. सह्याद्रीत नुसते गड चढण्यापलीकडे रानात राहायला शिकवणारी शिबिरंही भरतात. विस्तव, दोर, पाणी, निवारा, प्रथमोपचार, सगळं स्वतः करून बघायचं. जाऊन आलेल्यांनी लिहा. मजा किती आली त्यापेक्षा हाताला काय लागलं आणि ते कुणी शिकवलं, हे वाचायला आवडेल. शिकवायला जवळच्या पाड्यावरची माणसं आहेत का, यावरच मी शिबिर पारखते.

सुरुवात मीच करते. कर्जतच्या बाजूला चकमकीचा वर्ग एका ठाकर आजोबांनी घेतला. त्यांच्याकडे बांबूच्या नळीत काटेसावरीचा कापूस होता. उन्हाळ्यात बोंडं फुटतात तेव्हा गोळा केलेला, मग अर्धवट जाळून काळा केलेला. डाव्या हातात गारगोटी, तिच्या धारेलगत अंगठ्याखाली चिमूटभर कापूस, उजव्या हातात पोलादाचा तुकडा. पहिल्यांदा सगळेच दणादण मारतात. आजोबा म्हणाले, "ठोकू नको बाई, खरवड." ठिणगी दगडाची नसतेच. गारेची धार पोलादाचा बारीक कीस काढते आणि तो कीस हवेत पेटतो. कापसावर लाल ठिपका धरला की तो वाळक्या गवताच्या गुंडाळीत ठेवायचा, मूठ सैल ठेवायची आणि खालून लांब, संथ फुंकर घालायची. आधी दाट पांढरा धूर येतो. डोळे चुरचुरतात, तरी फुंकर थांबवायची नाही. मग भप्पकन जाळ!

चिपळूणहून
मी परिचारिका आहे, म्हणून सर्पदंशाच्या वर्गात मुद्दाम बसले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे आपल्याकडचे चार महत्त्वाचे विषारी साप, आणि दवाखान्यातली प्रतिविषाची लस या चौघांवर चालते. त्यामुळे साप मारून सोबत आणायची काहीच गरज नाही. आवळून बांधायचं नाही, चिरा द्यायचा नाही, चोखायचं नाही. अंगठ्या, बांगड्या, पैंजण लगेच काढायचे, कारण सूज चढते. मग फळी लावून हात किंवा पाय स्थिर ठेवायचा, माणसाला चालू द्यायचं नाही आणि १०८ ला फोन. आम्ही दोन काठ्या आणि दोन शर्टांची डोली करून एका धडधाकट गड्याला शेताच्या बांधावरून नेलं. पायाखाली ढेकळं आली की डोली किती हेलकावते, ते उचलल्याशिवाय कळत नाही. मण्यारीचा दंश झोपेत कळतही नाही, म्हणून उघड्यावर जमिनीवर झोपू नका. हे मी कळकळीने सांगतेय.

नाशिकहून
आम्हाला रात्री दिशा शोधायला शिकवली. डिसेंबरात संध्याकाळी सप्तर्षी उगवलेले नसतात, तेव्हा ध्रुव शोधायला शर्मिष्ठा हा तारकासमूह धरायचा. ध्रुव आपल्याकडे फार वर नसतो, साधारण २० अंशांवर. हात ताठ करून एकावर एक दोन मुठी धरल्या की तिथेच. उत्तरेला डोंगर आडवा असेल तर तो दिसत नाही, म्हणून तळाची जागा दिवसाउजेडीच बघून ठेवावी.

अलिबागहून
शिबिरात पोपटी होती का कुणाच्या? मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, जाडं मीठ. पाण्याचा थेंब नाही. तोंडात पाला कोंबून मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ. पाल्याच्याच ओलाव्यावर शेंगा शिजतात.

(मध्येच एक महत्त्वाचं: १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनविभागाचा वणव्याचा हंगाम. अभयारण्यात तर आग कधीच पेटवायची नाही. चकमक, पोपटी, सगळं गावच्या मालकीच्या शेतात, विचारून.)

ठाण्याहून
आमचं शिबिर जूनच्या सुरुवातीचं, रानभाज्यांचं. शेवळं निवडायला दोन कातकरी ताईंनी शिकवलं. आतला पिवळा भाग काढून टाकायचा आणि काकडाच्या आंबट फळांशिवाय भाजी करायचीच नाही, नाहीतर घसा खवखवतो. पुस्तकातल्या चित्रावरून ओळखून रानातलं काही खाऊ नका. ज्यांच्या घरात ती भाजी दरवर्षी शिजते, त्यांना दाखवा.

पुण्याहून
लेकीला प्रुसिक गाठ आली, जाड दोरावर बारीक दोरीने मारायची. ओढ बसली की आवळते, सैल केली की सरकते. आता घरातल्या प्रत्येक दांड्याला दोरी आहे.

जव्हारहून
मी शिकवणाऱ्यांच्या घरचा. आमची मावशी अशा शिबिरात इरलं, म्हणजे पावसात डोक्यावरून पांघरायचं आच्छादन, करायला शिकवते. बांबूच्या कामट्या सोलायच्या, विणायच्या, वर पळसाची पानं. कामटी बोटावर घासून जाडी बघते, मोजपट्टी लागत नाही. आधीच्या एका आयोजकांनी तिला साडी-नारळ दिला आणि दोर शिकवणाऱ्या सरांना मानधन. पुढच्या वेळी मावशीने स्वतःच विचारलं, "सरांना जेवढं, तेवढं मला का नाही?" नव्या आयोजकांनी ते मान्य केलं आणि पत्रकात तिचं नाव सरांच्या शेजारी छापलं. शिबिराला नाव नोंदवताना तुम्हीही हे विचारा ना.