प्रतिसाद: संत निकोलस आणि व्यापाऱ्यांची जहाजे

संतांची देवळे परमुलखात मिशनऱ्यांनीच नेली, असे वर म्हटले आहे. संत निकोलसच्या बाबतीत मला ते अपुरे वाटते. खलाशी आणि व्यापारी यांचा हा रक्षणकर्ता संत मूळचा मायराचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या डेमरेचा. १०८७ मध्ये इटलीतल्या बारीची माणसे धान्य घेऊन अँटिओककडे निघाली होती. त्यांनीच मायराच्या थडग्यातून त्याचे अवशेष उचलून आपल्या गावी आणले. व्हेनिसवालेही त्याच मागावर होते. अवशेषांमागोमाग यात्रेकरू येतात आणि बंदराची भरभराट होते, हे दोघांनाही पक्के ठाऊक होते. तरी यात निव्वळ हिशेब होता असे मी म्हणणार नाही. वादळात ज्याचा धावा करायचा, तो आपल्या बंदरात असावा ही ओढ खरीच होती.

उत्तरेत बाल्टिक किनाऱ्यावर श्ट्रालझुंड, व्हिस्मार, रोस्टोक अशा हान्साच्या, म्हणजे उत्तर युरोपातल्या व्यापारी शहरांच्या संघाच्या, बंदरांतून निकोलसची चर्चेस उभी आहेत. एस्टोनियातल्या टालिनचे निगुलिस्टे, म्हणजे निकोलसचेच चर्च, तर तेराव्या शतकात गोटलंड बेटावरून आलेल्या जर्मन व्यापाऱ्यांनीच बांधले. तिथली मुख्य वेदी जर्मनीतल्या ल्यूबेकच्या हर्मेन रोडे या चित्रकाराने घडवली, १४८१ मध्ये ती टालिनला आली. तिचा खर्च व्यापाऱ्यांच्या संघटनांनी उचलला होता. तिच्यावरच्या एका चित्रात मागे चक्क ल्यूबेक शहर दिसते! १९४४ च्या बाँबहल्ल्यात चर्च जळाले, पण ही वेदी आधीच हलवलेली असल्याने वाचली. आज ती त्याच इमारतीतल्या संग्रहालयात आहे.