शब्दचर्चा : विभेदनक्षमता, काटेकोरपणा आणि ‘पार्थिव’ रेषा

प्रश्न : माउंट अबूच्या पारस-२ या उपकरणाबद्दल एका लेखात ‘उच्च सुस्पष्टतेचा वर्णपटलेखक’ असं वाचलं. हाय रिझोल्यूशनला सुस्पष्टता चालेल का? ‘विभेदनक्षमता’ फार जड वाटतो.

उत्तर : जड असला तरी विभेदनक्षमताच घ्या. सुस्पष्टता म्हटलं की डोळ्यांपुढे चित्र येतं, आणि इथे ताऱ्याचं चित्र काढायचंच नसतं. दुर्बिणीने गोळा केलेला प्रकाश फायबरमधून यंत्रात येतो, एशेल जालकावरून (बारीक रेघा कोरलेल्या, रंग सुटे करणाऱ्या पट्टीवरून) फाकतो आणि डिटेक्टरवर एकाखाली एक रंगपट्ट्या उमटतात. त्यांत जागोजागी बारीक काळ्या खाचा असतात, त्या शोषणरेषा. अगदी शेजारच्या दोन तरंगलांब्या यंत्राला सुट्या दाखवता येतात का, एवढाच सवाल. दोघींत भेद करायचा, म्हणून विभेदन.

सोडियमच्या पिवळ्या रेषा घ्या : ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर. त्या वेगळ्या दिसायला १,००० च्या आसपास विभेदनक्षमता पुरते. तरंगलांबी भागिले फरक असं हे गुणोत्तर, त्यामुळे आकड्यापुढे एकक लिहू नये. चिलीत ला सिया इथल्या ३.६ मीटर दुर्बिणीवरच्या हार्प्स या वर्णपटलेखकाची विभेदनक्षमता १,१५,००० आहे. त्याच पिवळ्या भागात त्याला ०.००५ नॅनोमीटरचा फरक कळतो.

प्रश्न : मग ‘हार्प्स ताऱ्याचा सेकंदाला १ मीटर वेगही ओळखतो’, हे विभेदनच ना?

उत्तर : नाही, आणि गल्लत नेमकी इथेच होते. १,१५,००० चं वेगात रूपांतर केलं तर सेकंदाला २.६ किलोमीटर येतात. १ मीटर हा मोजमापाचा काटेकोरपणा. तारा जवळ येतो किंवा दूर जातो, तशा त्याच्या रेषा किंचित सरकतात. हजारो रेषा एकत्र घेऊन त्या सगळ्या मिळून किती सरकल्या हे काढतात, म्हणून तो साधतो. शिवाय यंत्र निर्वात टाकीत ठेवून तापमान अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत स्थिर राखलेलं असतं. १९९५ मध्ये मिशेल मेयर आणि दिदिए केलो यांनी ५१ पेगासी या ताऱ्याभोवतीचा ग्रह शोधला, तेव्हा त्यांच्या एलोडी या वर्णपटलेखकाची विभेदनक्षमता ४२,००० होती, म्हणजे सेकंदाला ७ किलोमीटर. तारा मात्र ग्रहाच्या ओढीने सेकंदाला साठेक मीटर वेगानेच मागेपुढे होत होता! दोन्ही शब्द एकच मानले, तर हा शोध लागला कसा हे वाचकाला उमगणारच नाही.

प्रश्न : टेल्यूरिक रेषांना, म्हणजे पृथ्वीच्या हवेमुळे वर्णपटात उमटणाऱ्या शोषणरेषांना, ‘पार्थिव रेषा’ म्हणावं का? संस्कृतात चपखल बसतं.

उत्तर : संस्कृतात बसतं, पण मराठी वाचकाला पार्थिव म्हटलं की अंत्यदर्शन आठवतं. नुसतं ‘वातावरणीय’ही पुरत नाही, कारण ताऱ्यालाही वातावरण असतं आणि त्याच्या शोषणरेषा तिथेच तयार होतात. ‘भूवातावरणीय रेषा’ लिहा, लांब झाला तरी चालेल. जमिनीवरून निरीक्षण करणाऱ्याला हा फरक टाळताच येत नाही. फ्राउनहोफरने सूर्याच्या वर्णपटातल्या रेषांना अक्षरं दिली, त्यांतल्या ए आणि बी तर आपल्याच हवेतल्या ऑक्सिजनच्या निघाल्या. लडाखात हानले इथे ४,५०० मीटर उंचीवर हवा कोरडी असते, तिथे पाण्याच्या वाफेच्या रेषा फिक्या पडतात; ऑक्सिजनच्या राहतातच.

जाता जाता, ‘विभेदनक्षमता’चं अनेकवचनही सहज करता येतं : हानलेच्या हिमालयन चंद्र दुर्बिणीवरचा हेस्प हा वर्णपटलेखक ३०,००० आणि ६०,००० अशा दोन विभेदनक्षमतांवर चालतो.