भाला एकाच माशाला लागतो, पण कोणत्या?

‘जाळ्यात सगळंच सापडतं, भाला एकाच माशाला लागतो, मग सागरी अभयारण्यात त्याला सूट का नको?’ हा मुद्दा ऐकायला बरोबर वाटतो, भाऊ. पण भालेवाला निवडतो कोणता मासा? सगळ्यात मोठा. हेकरूसारख्या (ग्रुपर मासा) बऱ्याच जातींत मासा आधी मादी असतो, वाढल्यावर नर होतो. थोरले टिपले की नरच संपतात.

कायद्यातही पळवाट नाही. वन्यजीव कायदा, १९७२ च्या कलम ३१ नुसार परवानगीशिवाय अभयारण्यात हत्यार नेता येत नाही. हत्याराच्या व्याख्येत गळ, जाळं आणि प्राण्याला इजा करणारं कुठलंही साधन येतं, म्हणजे स्पिअरगन (पाण्याखाली भाला सोडणारी बंदूक) आलीच. मासा मारला नाही तरी गुन्हा. स्थानिक मच्छीमारांच्या पोटापाण्याचा विचार कलम २६अ मध्ये आहे. हौशी डायव्हरचा नाही.

गंमत म्हणजे मालवणचं सागरी अभयारण्य (१९८७) तिकडे, पण राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचं कार्यालय आपल्या नागपुरात! इकडे पेंच व्याघ्र प्रकल्पातल्या तोतलाडोह जलाशयात साधा गळ टाकता येत नाही, तर तिकडे भाला कसा चालेल?